मॉलमध्ये स्वस्त म्हणजे वाण्याने लुटलं?? खुलासा वाचा

सध्या एक मेसेज फिरतोय, मॉलमध्ये तोच साबण एमआरपीपेक्षा कमीत मिळतो म्हणजे गल्लीतला वाणी वरचे पैसे खिशात घालतो. हे साफ चुकीचं आहे. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, तेवढी घेतली तर त्यात बेकायदेशीर काहीच नाही. फरक पडतो तो खरेदीत, मोठी साखळी ट्रकच्या ट्रक माल थेट कंपनीकडून उचलते आणि वाणी डिस्ट्रिब्युटरकडून दोन-चार बॉक्स घेतो, मग त्याला तो भाव मिळणार कुठून? हे भांडण महाराष्ट्रात उघडपणे झालंय, मोठ्या ऑनलाइन होलसेल कंपन्यांना जास्त मार्जिन मिळतं म्हणून डिस्ट्रिब्युटर चिडले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी इथे कोलगेटच्या काही मालाचा पुरवठाच थांबवला होता.

आता मेसेजमधलं खरं तेवढंही सांगते, पॅकबंद मालावर मॉलमध्ये पैसे वाचतात, नाही कोण म्हणतंय. पण सुट्टे पोहे, शेंगदाणे, डाळ यांच्यावर एमआरपी नसतेच, तिथे किलोचा भाव विचारून दोन्हीकडे ताडून बघा. आणि महिनाअखेरीला वहीत लिहून उधार देतो तो वाणीच, त्याला चोर म्हणणारा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.