झाकण चिकटवलं म्हणजे बाटली सुरक्षित झाली?

झाकण गोंदाने पक्कं चिकटवलं की लहान मुलांच्या खेळायच्या बाटलीत पाण्याने फुगणारे मणी घालायला हरकत नाही, हे घरी करायच्या खेळण्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मुलगी दीड वर्षाची असताना मी अगदी अशीच बाटली केली होती. झाकण शेवटपर्यंत हललं नाही, पण रोज आपटून आपटून बाटली बुडाशी तडकली. चटईवर ओला डाग, कपाटाखाली घरंगळलेले मणी, आणि एक तिच्या मुठीत! तिचं तोंड उघडून बघताना माझे हात कापत होते.

हे मणी गिळले तर पोटातही फुगत राहतात, आतडं अडवू शकतात आणि साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाहीत. 3 वर्षांखालचं मूल असलेल्या घरात ते नकोतच. लेखिकेने कृपया ते वाक्य काढावं. लेखातली वेगवेगळ्या स्पर्शाच्या कापडी चौकोनांची कल्पना मात्र फार आवडली. मी मखमलीच्या आणि जाड्याभरड्या कापडाच्या छोट्या उशा शिवते, आत नुसत्या चिंध्या, कडेला दुहेरी शिवण. खरखरीत बाजूवर ती कितीतरी वेळ बोट फिरवत बसते. दर आठवड्याला शिवण ओढून बघते, उसवली असेल तर उशी लगेच बाजूला.