पंखा आमना, हूक तुमना

सरकारी क्वार्टरात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. त्याऐवजी छत मिळतं. पण ते छत बांधकाम खात्याच्या एकाच शाखेचं नसतं, हे मला मे महिन्यात कळलं. मे तोही खान्देशातला. पारा 44 वर, आणि वांगं नुसतं गच्चीवर ठेवलं तरी भरीत व्हावं अशी दुपार. अशा दुपारी पंखा कुरकुरत डोलायला लागला.

अर्ज केला. विद्युत शाखेचे भाऊ आले, स्टुलावर चढले, वर पाहिलं आणि खाली उतरले.

"हूक गंजेल शे. पंखा आमना शे, हूक आमना नही."

हूक स्लॅबमधला, म्हणून तो स्थापत्यचा. हुकाला लटकतं ते विद्युतचं. इंग्रजांनी 1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. माझ्या छताची वाटणी कधी झाली, कोण जाणे. धोका नको म्हणून भाऊ पंखा उतरवून घेऊन गेले. पोच मात्र दिली.

स्थापत्यचे साहेब भला माणूस. चहा घेतला, हूक न्याहाळला, म्हणाले, "एका हुकाचं अंदाजपत्रक कसं करायचं हो? आणखी चार-पाच गंजू द्या, एकदमच काम काढू." तेव्हापासून समोरच्या आप्पांचा पंखा जरा कुरकुरला की माझ्या जिवाला थंडावा वाटायचा. (आप्पांना हे सांगितलेलं नाही.)

हूक बसला तो पाऊस पडून घर गार झाल्यावर. जाडजूड, लाल ऑक्साइड लावलेला. मोजमाप पुस्तकात नोंदसुद्धा झाली. पंखा? तो तोवर निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत गेला होता. रिकामा हूक बघवेना, म्हणून बायकोने माहेरून, रावेरहून आलेला केळीचा घड त्याला टांगला. तो संपला की दुसरा यायचा.

दिवाळीनंतर भाऊ नवा पंखा घेऊन हजर! स्टुलावर चढले, वर पाहिलं, खाली उतरले. मी "घड काढतो ना" म्हणेपर्यंत त्यांनी कागदावर शेरा मारलाही होता: 'हूक वापरात असल्याने पंखा बसविता आला नाही.'

जाताना दोन केळी घेऊन गेले. त्यांची पोच दिली नाही.