अबोली आणि आमची बडबडी अबोली

अबोलीच्या फुलावर आणि नावावर एक लेख वाचला, त्यात 'अबोली म्हणजे शांत, मितभाषी मुलगी' असं दिलंय. आमच्या फोंड्याच्या भाचीचं नाव अबोली, आणि तिच्यापुढे कुणाला तोंड उघडायला मिळेल तर शपथ! शब्दाचा अर्थ चूक नाही, अ-बोल म्हणजे न बोलणारी. पण आमची आजी सांगायची, फुलाला वास नाही म्हणून ते अबोल. मोगरा लांबूनच हाक मारतो, ही गप्प. मला हेच पटतं.

शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा, ग्रीकमधून आलेलं. क्रोसोस म्हणजे झालर, दुसरा भाग पुंकेसरांचा. म्हणजे झालरीच्या केसरांचं फूल. त्यात अबोलपणा कुठेच नाही.

आणि गप्प तरी कुठे? सुकलेल्या कणसावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. बोंडं तट्‌तट् फुटतात, बिया हातभर लांब उडतात. लहानपणी पहिल्या पावसात आम्ही अंगणात हाच खेळ खेळायचो.

आमच्याकडे गोव्यात कोंकणीत आबोलीं म्हणतात, माळायच्या गजऱ्याला फाती. ती दुसऱ्या दिवशीही टवटवीत असते, मोगरा तोवर पिवळा पडलेला. नारिंगी-गुलाबी रंगाला आपण 'अबोली रंग' म्हणतो, ते मात्र लेखात राहूनच गेलं.