दुभाष्याचा नोंदणी क्रमांक कोणीच का विचारत नाही?

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलली गेली आणि तिच्या केस पेपरवर निळ्या शाईत एक ओळ लिहिली गेली : 'रुग्णाने उपाशी राहण्याची सूचना पाळली नाही.' माझी आई जन्मापासून कर्णबधिर आहे. तिला जी सूचना मिळाली ती तिने तंतोतंत पाळली होती. चूक सूचना सांगण्यात झाली होती, आणि ती कोणी सांगितली याचा त्या कागदावर कुठेही उल्लेख नाही.

घडले ते असे. आमच्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात आई संध्याकाळी दाखल झाली. सोबत वडील होते आणि तेही कर्णबधिर आहेत. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचणार होते. माझा मोबाईल नंबर केस पेपरच्या पहिल्या पानावर होता आणि त्याखाली 'व्हिडिओ कॉल करावा' असे मी स्वतः लिहून घेतले होते. रात्री रुग्णाला बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही हे सांगण्याची वेळ आली तेव्हा सिस्टरने मला फोन केला नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बहीण म्हणाली की तिच्या पुतण्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तिला 'हातवारे' येतात. तेवढ्यावर तिला आईसमोर उभे केले गेले. तिने भिंतीवरच्या घड्याळातल्या बारावर बोट ठेवले, तोंडाकडे घास नेल्यासारखा हात नेला आणि मग तोच हात हवेत झटकून ती सिस्टरकडे वळली. आईने त्या झटकलेल्या हाताचा अर्थ 'संपवून टाक' असा लावला. बरोबर बारा वाजता माझी आई उठली, वडिलांना उठवले, पिशवीतली बिस्किटे काढली आणि कपभर दूध पिऊन झोपली, कारण डॉक्टरांनी तसे सांगितले आहे अशी तिची खात्री होती.

त्या बाईंवर माझा अजिबात राग नाही. त्या मदतीला धावल्या. पण आपल्याकडच्या सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, त्यात नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि त्या क्षणी चेहरा आणि मान त्याच्या सोबत असाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तोंड फिरवून झटकलेला हात हा कर्णबधिर माणसासाठी नकार नसतो. ज्यांना हे ठाऊक असायला हवे होते, निदान आपल्याला हे ठाऊक नाही एवढे तरी कळायला हवे होते, ते पगारी कर्मचारी होते. सकाळी मी कार्यालयात जाऊन विचारले की दुभाषी म्हणून ज्यांना उभे केले त्यांची नोंदणी तुम्ही पाहिली होती का. समोरचे गृहस्थ खरोखरच चकित झाले आणि म्हणाले, "त्याचं पण लायसन असतं का?"

असते. मी स्वतः ते घेतले आहे. बारावीनंतर दोन वर्षांची भारतीय सांकेतिक भाषा दुभाषा पदविका असते, तिला आम्ही 'डिसली' म्हणतो. तिला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे आणि ती उत्तीर्ण झाल्यावर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागते. त्या सीआरआर क्रमांकाला मुदत असते आणि नूतनीकरणासाठी मान्यताप्राप्त कार्यक्रमांना हजर राहून गुण जमवावे लागतात. ही परिषद 1992 च्या कायद्याने उभी आहे आणि त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा लिहिलेली आहे. दुभाष्याच्या कामासाठी हे कलम कोणाला लावल्याचे माझ्या कानावर आजवर आलेले नाही. रिक्षा चालवायला बॅज लागतो, घरात वायरिंग करायला परवाना लागतो, आणि पोट उघडण्याआधी रुग्णाला काय समजले आणि तिने कशाला होकार दिला हे सांगणाऱ्या माणसाला फक्त 'मला येतं' एवढे म्हणावे लागते.

कोणी म्हणेल की दुभाषी मुळात मोजकेच आहेत, तर नियम कडक करून काय साधणार. हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मला ते सहन होत नाही. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांच्या वर होती, आणि त्या मानाने प्रशिक्षित दुभाषी अतिशय थोडे आहेत, हे खरेच आहे. पण ते थोडे का आहेत? ज्या कामासाठी कोणालाही फुकट उभे करता येते, त्या कामाचे दोन वर्षे शिक्षण घेऊन कोण येईल? माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी कित्येकांनी हे काम सोडून दुसरीकडे नोकरी धरली, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. मला एका कार्यालयाने सुनावणीसाठी बोलावले तेव्हा पॅन कार्ड मागितले, रद्द केलेला धनादेश मागितला, आणखी दोघांची दरपत्रके आणायला सांगितली. सीआरआर क्रमांकासाठी मात्र त्या अर्जात रकानाच नव्हता. मी तो समासात हाताने लिहिला. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, मग त्याच्या हाताला ती भाषा येत असो वा नसो.

आता कायद्यात काय लिहिले आहे तेही पाहू, कारण चीड खरी तिथे येते. 2013 मध्ये पुरावा कायद्याचे 119 वे कलम बदलले गेले आणि बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावा आणि त्याचे चित्रीकरण करावे, असे त्यात आले. आता भारतीय साक्ष अधिनियमातही तेच आहे. दुभाषी म्हणजे कोण, त्याची पात्रता काय, हे त्या कलमात नाही. 'किंवा विशेष शिक्षक' हे शब्द तर आमच्या क्षेत्रातल्या माणसाला चांगलेच बोचतात, कारण आपल्याकडच्या अनेक कर्णबधिर शाळांमध्ये वर्षानुवर्षे मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावे यावरच भर राहिला. माझ्या आईच्या शाळेत हात हलवले की हातावर पट्टी बसत असे. तिला संकेत शिकवले ते वसतिगृहातल्या मोठ्या मुलींनी, रात्री दिव्याखाली. अशा शाळेत आयुष्य घालवलेला शिक्षक उत्तम शिक्षक असू शकतो, पण आपोआप दुभाषी होत नाही.

आणि हे लिहिताच येत नाही असेही नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, म्हणजे पॉक्सोखाली, 2020 मध्ये जे नियम आले त्यांत जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवावी आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा आरसीआयमान्य संस्थेची पात्रता असावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे सरकारला कळते. सतरा वर्षांच्या कर्णबधिर मुलीचा जबाब घ्यायला प्रशिक्षित माणूस हवा हे कळते. ती अठरा वर्षांची झाली की तिच्या हातांची भाषा बदलते का? रुग्णालयाच्या खाटेवर साठ वर्षांची बाई असली की तिच्या जिवाची किंमत कमी होते का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा धरली आणि साक्ष आपल्या पसंतीच्या भाषेत नोंदवण्याच्या सोयींची जबाबदारी सरकारवर टाकली, पण वॉर्डातल्या सिस्टरला 'नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय कोणालाही दुभाषी म्हणून उभे करू नका' असे सांगणारे साधे एक पानी परिपत्रक मला आजवर कोणत्याही भिंतीवर दिसलेले नाही.

अमेरिकेत अपंगांविषयीच्या कायद्याखालील नियमांत 'पात्र दुभाषी' कोणाला म्हणायचे ते लिहिलेले आहे, आणि रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला, विशेषतः लहान मुलाला, तातडीचा प्रसंग सोडून दुभाषी म्हणून वापरू नये हेही लिहिलेले आहे. तिथल्या अनेक राज्यांत दुभाष्याला राज्याचा परवाना लागतो. टेक्सासमध्ये न्यायालयात काम करण्यासाठी तर वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिथे सगळे ठीक चालते असे मी म्हणत नाही. पण मला त्या लहान मुलांविषयीच्या वाक्याचा फार हेवा वाटतो. मी दहा वर्षांची होते तेव्हा एका डॉक्टरांनी मला आईच्या मासिक पाळीविषयी प्रश्न विचारायला लावले. मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. आईने माझ्याकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली. ती पुढची तीन वर्षे कोणत्याही डॉक्टरकडे गेली नाही. आजही सरकारी दवाखान्याच्या रांगेत आई-वडिलांच्या पुढे उभे राहून हात हलवणारी शाळेच्या गणवेशातली मुले मला दिसतात आणि आजूबाजूचे लोक 'किती हुशार आहे' म्हणून त्यांचे कौतुक करतात. त्या कौतुकाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

10 डिसेंबर 2013 रोजी जोहान्सबर्गला नेल्सन मंडेला यांच्या शोकसभेत जगभरच्या नेत्यांच्या शेजारी उभे राहून एका माणसाने तासन्‌तास निरर्थक हात हलवले आणि ते ओळखले कर्णबधिर लोकांनी, कारण ऐकणाऱ्यांना तो दुभाषीच वाटत होता. तिथे कॅमेरे होते म्हणून ते जगाला कळले. वॉर्डात कॅमेरा नसतो. रुग्ण मान डोलावतो, आणि कर्णबधिर माणूस अनोळखी लोकांसमोर मान डोलावतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'समजले' असा नसतो, 'आता मला सोडा' असा असतो, हे आमच्या घरातल्या पोराटोरालाही कळते.

म्हणूनच नुसत्या नोंदणी क्रमांकावरही माझे समाधान नाही. एकच पदविका घेतलेला माणूस उद्या शाळेत, परवा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर आणि तेरवा बलात्काराच्या खटल्यात उभा राहतो. या तीन कामांची तयारी एकसारखी नसते. नूतनीकरणासाठी मी ज्या व्याख्यानांना बसले त्यांतली बहुतेक श्रवणयंत्रांविषयी आणि वर्गातल्या अध्यापनाविषयी होती. पाच वर्षांत एकदाही कोणी माझे हात तपासले नाहीत. तपासायचे असतील तर ते कर्णबधिर परीक्षकांनी समोर बसून तपासावेत, कारण माझे संकेत समजतात की नाही हे तेच सांगू शकतात. आणि ज्यांनी माझ्यासारखे घरात, आईच्या मांडीवर ही भाषा उचलली पण बारावीचा कागद ज्यांच्याकडे नाही, त्यांनाही त्याच परीक्षेला बसू द्यावे. उत्तीर्ण झाले तर क्रमांक द्यावा, नाही झाले तर माझ्यासकट कोणालाही देऊ नये.

आईची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. संमतीपत्र मी तिला ओळीओळीने सांगितले. ही भूल, हा धोका, दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडावे लागेल. तिने सहा प्रश्न विचारले. भूलतज्ज्ञांनी सहाही उत्तरे नीट दिली आणि मग हळूच म्हणाले की या काहीच बोलत नाहीत असे कालपासून आम्हाला वाटत होते. आई आता बरी आहे. तिला डिस्चार्ज कार्ड वाचता येते, आणि ती 'सूचना पाळली नाही' ही ओळ त्यात जशीच्या तशी उतरवलेली आहे. ती तिने बोट ठेवून मला दाखवली आणि विचारले, हे मी केले का?

ती ओळ खोडून खरे काय झाले ते लिहावे, असा अर्ज मी त्याच दिवशी दिला. त्यात माझा सीआरआर क्रमांक लिहिला आणि आवक शिक्का मारून घेतला. त्याला आज तेवीस दिवस झाले.