खालच्या काकांची गोटी

रविवारपासून आमच्या घरातलं एक दार अर्धं उघडं आहे. धड उघडत नाही, धड मिटत नाही.

हौस माझीच. कोठीच्या खोलीला साधं दार नको, पुस्तकांचं कपाटच बिजागऱ्यांवर फिरलं पाहिजे. मिस्त्रींनी १९ एमएम प्लायचं सहा कप्प्यांचं कपाट केलं. रिकामं होतं तोवर एका बोटानं फिरायचं. मग मी पुस्तकं लावली. फूटभर पुस्तकं साधारण १० किलो भरतात. तीन-तीन फुटांचे सहा कप्पे, म्हणजे १८० किलो. वरच्या बिजागरीचे स्क्रू दुसऱ्याच दिवशी चौकटीबाहेर डोकावले.

"खालून चाक देऊ की," मिस्त्री म्हणाले, आणि ऑफिसच्या खुर्चीला असतं तसलं गरगर फिरणारं चाक ठोकून गेले. हे चाक दार उघडताना गुमान चालतं. मिटायला घेतलं की आधी स्वतः पाठ फिरवतं आणि जाता जाता कपाटाला हिसका देतं. त्यात ते कडक नायलॉनचं. टाइलच्या प्रत्येक सांध्यावर घडघड, टक.

तिसऱ्या 'टक'ला बेल वाजली. खालचे काका.

"जातं आणलंत का वर?"

"नाही हो काका, दार आहे."

"दाराला चाक?" काकांनी चपला काढल्या. म्हणजे आता तासभर गेला. "आत काय ठेवलंय?"

"वॉशिंग मशीन."

"ते लपवता?" काकांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे दागिने लपवायचे."

मग त्यांनी खिशातून गोटी काढली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या खिशात गोटी का, हे मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलंच. नातवाची, जप्त केलेली. त्यांनी ती फरशीवर ठेवली. गोटीनं क्षणभर विचार केला आणि कपाटाच्या दिशेनं घरंगळत निघाली.

"बघा! बिल्डरनं हॉलमध्ये ढाळ दिलाय!"

हे मात्र खरं. ढाळ हवा बाथरूममध्ये. तिथे बिल्डरनं दिलेला नाही; पाच वर्षं रोज आंघोळीनंतर मी वायपर घेऊन मोरीकडे पाणी हाकलतो. सोसायटीला तीन पत्रं दिली, पोचसुद्धा नाही. हॉलमध्ये मात्र एवढा ढाळ, की दार मिटलेलं असताना चाक अधांतरी आणि उघडताना त्याला चढ लागतो. मग चाक कपाटालाच वर उचलतं आणि बिजागऱ्या उपटतं. भार घ्यायला आणलेलं चाक ते! खरं तर न वळणारं, आस बिजागरीकडे रोखलेलं, स्प्रिंगवालं चाक हवं. दुकानात विचारलं, तर त्यानं लोखंडी गेटाचं चाक काढलं. ते लावायचं तर आधी भिंत बदलावी लागेल.

काकांचा हिशेब वेगळाच चालला होता. "१८० किलो ना? रद्दी १० रुपयांनी धरली तरी १८००. चाकाला किती गेले?"

"साडेतीनशे."

"म्हणजे बघा." मग मान तिरकी करून त्यांनी कप्पे न्याहाळले. "सगळी वाचलीत?"

इथे माझं डोकं सटकलं. काकांच्या शोकेसमध्ये चोवीस माणसांचा डिनर सेट आहे. आजवर त्यातल्या कपातून मला चहा मिळालेला नाही; स्टीलच्या पेल्यातून मिळतो. मी कधी विचारलं, सगळ्या बशा वापरल्यात का? टीव्हीला भिंत मिळते, चपलांना कपाट मिळतं, देवांना कोनाडा मिळतो. पुस्तकं म्हटली की मिस्त्रीपासून काकांपर्यंत सगळे एकच सांगतात, कमी करा.

बोललो यातलं काहीच नाही. म्हणालो, "बरीचशी."

"एकदा मिटून दाखवा."

मी दार ढकललं. घडघड, कच्च. टक आलाच नाही. कपाट जागच्या जागी थांबलं. ढकललं, ओढलं, खांदा लावला. वरच्या कप्प्यातला शब्दकोश माझ्या पायावर आला.

"गोटी कुठे गेली हो?" काका म्हणाले.

१८० किलो उतरवल्याशिवाय ती निघणार नाही. मिस्त्री 'उद्या येतो' म्हणालेत. काल रात्री साडेनऊला पुन्हा बेल वाजली. काका नातवाला घेऊन दारात उभे होते. नातू रडत होता.

"ह्याच काकांकडे आहे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि चपला काढल्या.