रस्त्याचे डिजिटल मॉडेल: पाच आक्षेप आणि त्यांची उत्तरे

रस्तेबांधणीच्या क्षेत्रातील मंडळींमध्ये सध्या एक मत वारंवार पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा: रस्ता खडी, डांबर आणि रोलरने होतो, संगणकाने होत नाही, त्यामुळे त्रिमितीय मॉडेल (म्हणजे रस्त्याचा आकार आणि उंची आकड्यांत मांडणारी संगणकावरची प्रतिकृती) हे सादरीकरणापुरते चित्र आहे; वाद झाला की सही-शिक्क्याचा कागदी नकाशाच ग्राह्य धरतात; लहान कंत्राटदाराला हा खर्च झेपत नाही; सरकारी खाते एकाच सॉफ्टवेअर कंपनीच्या दावणीला बांधले जाते; आणि शेवटी डेटाही खोटा भरता येतोच. या पाच आक्षेपांपैकी एकात बरेच तथ्य आहे, बाकीच्यांत कमी. मात्र त्यांवरून काढलेला ‘सार्वजनिक कामांत मॉडेलची अट नको’ हा निष्कर्ष मला सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने घातक वाटतो.

‘शोभेचे चित्र’ या आक्षेपापासून सुरुवात करू. आज रस्त्याचे संकल्पचित्र बहुतेक ठिकाणी संगणकावर त्रिमितीतच तयार होते. मध्यरेषा, उभा छेद (लांबीच्या दिशेचे चढ-उतार), वळणावरचा बाह्य उंचाव (बाहेरच्या कडेला दिलेली जादा उंची), भरावाच्या उतारांच्या कडा हे सारे आकड्यांच्या रूपात हाताशी असते. मग ठरावीक अंतरावर, समजा दर २० मीटरला, आडछेद (रस्ता आडवा कापल्यास दिसणारा आकार) काढून ते कागदावर उतरवले जातात, आणि ज्याच्या माती सपाट करणाऱ्या ग्रेडरवर किंवा डांबर अंथरणाऱ्या पेव्हरवर स्वयंचलित नियंत्रण आहे असा कंत्राटदार त्याच कागदांवरून तेच मॉडेल नव्याने उभे करतो. एकच काम दोनदा होते, आणि दोन छेदांच्या मधल्या भागात नेमके काय आहे, हे दुसऱ्या खेपेला कोणीतरी अंदाजाने ठरवलेले असते. मॉडेल तर तयार होतेच. ज्याच्या पैशातून ते झाले, त्या मालक खात्याच्या हाती मात्र ते येत नाही.

याचा परिणाम थेट देयकावर होतो. खोदाईचे घनफळ काढण्याची रूढ पद्धत म्हणजे लगतच्या दोन आडछेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून तिला अंतराने गुणणे. टेकडीच्या कडेला खोदाई संपते तिथे एका छेदाचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर आणि २० मीटर पुढच्या छेदाचे शून्य आहे, असे धरा. सरासरीने घनफळ येते ३०० घनमीटर. पण खोदाई रुंदी आणि खोली या दोन्ही अंगांनी एकसारखी निमुळती होत एका बिंदूशी संपत असेल, तर तो आकार पिरॅमिडचा होतो आणि त्याचे खरे घनफळ २०० घनमीटर भरते. म्हणजे कोणीही लबाडी केलेली नसताना, न खणलेल्या १०० घनमीटर मातीचे पैसे दिले जातात. खोदाईपूर्वीचा आणि नंतरचा पृष्ठभाग मोजून त्यांतील फरक घेतला, तर ही चूक शिरायला जागाच राहत नाही. वरच्या थरांबाबत हिशेब आणखी सोपा आहे: ७ मीटर रुंद रस्त्यावर डांबरी थर १ सेंटिमीटरने जाड पडला, तर दर किलोमीटरला ७० घनमीटर मिश्रण जादा जाते.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. यंत्रांच्या उपग्रहाधारित नियंत्रणाची उंचीतील अचूकता साधारण दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. मातीकामाला ती पुरते, पण अंतिम थरांना पुरत नाही. तिथे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर अचूक मोजणारे भूमापन-यंत्र) किंवा लेसरची जोड लागतेच. ज्यांनी ही जोड न देता यंत्रे चालवली आणि खराब पृष्ठभाग पाहिला, त्यांची तक्रार रास्त आहे. ती तक्रार उपकरणाच्या निवडीबद्दल आहे. तिने मॉडेल चुकीचे ठरत नाही.

कागदी नकाशाच ग्राह्य, हा दुसरा आक्षेप. कोणता दस्तऐवज वरचढ हे करारातील अग्रक्रमाचे कलम ठरवते, आणि ते कलम मालक खातेच लिहिते. ‘मॉडेल केवळ माहितीसाठी’ असे त्यात लिहिले, तर मॉडेलला वजन उरत नाही, हे उघड आहे. अमेरिकेतील यूटा राज्याच्या परिवहन खात्याने मॉडेललाच कायदेशीर दस्तऐवजाचा दर्जा देऊन कामे दिली आहेत. नॉर्वेत रांडसेल्वा नदीवरचा ६३४ मीटर लांबीचा रस्तापूल कागदी नकाशांऐवजी मॉडेलवरून बांधला गेला. शिवाय डिजिटल स्वाक्षरी केलेल्या फाइलमध्ये एक आकडा जरी बदलला, तरी पडताळणीत तो बदल उघड होतो; कागदावरच्या खाडाखोडीबाबत अशी खात्री देता येत नाही.

लहान कंत्राटदाराची काळजी खरी आहे, पण ती उलट्या बाजूने मांडली जाते. निविदेसोबत मॉडेल मिळाले नाही, तर ते नव्याने बनवण्याचा खर्च करणे मोठ्या कंपनीला जमते, लहानाला नाही. अट कशी घालावी याचा नमुनाही उपलब्ध आहे: युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशानुसार बांधकामासाठी डिजिटल मॉडेलची साधने मागता येतात, मात्र ती सर्वांना सहज मिळू लागेपर्यंत खात्याने पर्यायी सोय देणे बंधनकारक आहे.

सर्वात वजनदार आक्षेप सॉफ्टवेअर कंपनीच्या मक्तेदारीचा आहे. रस्ता अनेक दशके टिकतो आणि फाइलचे खासगी स्वरूप काही वर्षांत बदलते. तेव्हा केवळ मूळ सॉफ्टवेअरची फाइल ताब्यात घेणारे खाते खरोखरच अडकते. त्यासाठी खुल्या, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या, स्वरूपाचा आग्रह धरला पाहिजे. आयएफसी हे बांधकामाच्या मॉडेलची माहिती साठवण्याचे खुले मानक पूर्वी मुख्यतः इमारतींपुरते होते, हेही मान्य. पण २०२४ मध्ये आयएसओ १६७३९-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपात प्रसिद्ध झालेल्या ४.३ आवृत्तीत मध्यरेषा, रस्ते, पूल आणि रेल्वे यांचा समावेश आहे. फिनलंडने लँडएक्सएमएल या भूमापन-आराखड्यांच्या खुल्या फाइल-स्वरूपावर आधारित इन्फ्रामॉडेल हे स्वरूप त्याआधीपासून वापरले आहे. ती साधी मजकूर-फाइल असल्यामुळे कोणत्याही संगणकावर उघडून तिच्यातील आकडे वाचता येतात.

मात्र खुले स्वरूप घेतले की काम संपले, असे मानू नये. अमेरिकेत दीर्घकाळ दोन प्रकारचे फूट वापरात होते: आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा, आणि भूमापनाचा फूट दशलक्षात दोन भागांनी मोठा. एवढा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण निर्देशांक (बिंदूची जागा सांगणारा आकडा) २० लाख फुटांचा असेल आणि फाइलमध्ये चुकीचा फूट गृहीत धरला गेला, तर बिंदू चार फूट, म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर सरकतो. भूमापनाचा फूट अखेर २०२२ च्या शेवटी अधिकृत वापरातून काढावा लागला. एकक, निर्देशांक-प्रणाली आणि उंचीचा संदर्भ करारात शब्दांत लिहून घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

राहिला खोट्या डेटाचा आक्षेप. दबाईची (रोलरने थर किती घट्ट दाबला याची) तपासणी आजवर मुख्यतः मोजक्या जागी थरातून कापून काढलेल्या गाभा-नमुन्यांवर चालत आली आहे, आणि नमुन्याची जागा आधी कळली तर तेवढीच जागा नीट दाबता येते. स्थाननोंदणी, कंपनमापक आणि तापमापक बसवलेला रोलर प्रत्येक पट्ट्यावरून किती फेऱ्या झाल्या, कोणत्या वेळी झाल्या आणि डांबराचे तापमान तेव्हा किती होते, याची संपूर्ण लांबीची नोंद ठेवतो. नमुने त्यानंतरही लागतात, कारण कंपनावरून मिळणारा आकडा म्हणजे प्रत्यक्ष घनता नव्हे. पण ते कोठून काढायचे हे आता खाते त्या नोंदीतील सर्वात कच्च्या जागा पाहून ठरवू शकते. अशी हजारो वेळांची आणि जागांची परस्परांशी जुळणारी नोंद बनावट करणे, एका तक्त्यातील दहा आकडे बदलण्याइतके सोपे नाही. अट एवढीच की कंत्राटदाराने तयार केलेला सारांश-अहवाल न स्वीकारता यंत्राची मूळ नोंद त्याच दिवशी खात्याकडे जमा होईल, आणि ती जमा झाल्याशिवाय त्या थराचे मोजमाप धरले जाणार नाही, असे कलम निविदेतच असावे.