भांडुपचा ११६ नंबर : जरा नीट बघा

ग्रुपवर फिरतंय की भांडुपचा ११६ नंबर वॉर्ड २०१७ च्या मुंबई महापालिका इलेक्शनला भाजपने जिंकला. अर्धं खरंय हो. फेब्रुवारी २०१७ ला तिथून काँग्रेसच्या प्रमिला पाटील निवडून आल्या होत्या, पुढे त्यांचं निधन झालं म्हणून ११ ऑक्टोबरला पोटनिवडणूक लागली, आणि त्यात त्यांच्या सूनबाई जागृती पाटील भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्या अन् शिवसेनेच्या उमेदवाराला पाडून आल्या. म्हणजे सीट घरातच राहिली, पक्ष तेवढा बदलला 😄

तेव्हा महापालिकेत सेनेच्या ८४ आणि भाजपच्या ८२ सीट होत्या, त्यामुळे एका सीटसाठी एवढी मारामारी, भाजप ८३ झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मनसेचे ७ पैकी ६ नगरसेवक सेनेत गेले, भाजपचा आनंद एक दिवस पण टिकला नाही.

आणि ते "२०१२ पासूनचा ११६ चा इतिहास" वालं टेबल पण फॉरवर्ड करू नका प्लीज, २०१७ आधी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या होत्या, नंबर सेम दिसला तरी एरिया तोच असेल असं नाही.